परत तपसा

पडद्यावरच्या सहाव्या चौकटीत एक काना कमी होता. 'परत तपासा' असायला हवं होतं तिथे 'परत तपसा' होतं. खोलीत अंधार केला होता. मोठ्या मॅडम पहिल्या खुर्चीवर होत्या, शेजारी खरेदीकाका चष्मा कपाळावर चढवून बसले होते, आणि पडद्याजवळ उभे राहून एक गृहस्थ कंपनीची कामं चित्रांत कशी मांडावीत ते समजावून सांगत होते. ती पाच मिनिटं उशिरा आली होती, म्हणून मागे बसली होती, गुडघ्यावर मूल्यमापनाचा फॉर्म घेऊन. गृहस्थांच्या तोंडाकडे तिने अजून पाहिलंच नव्हतं. डेमो देणाऱ्याच्या चेहऱ्याला गुण द्यायचे नसतात. तिने आधी शब्द पाहिला. मग तिच्या उजव्या अंगठ्यावरचा जुना डाग चुरचुरायला लागला, आणि मग कुठे तो आवाज तिच्या कानांत शिरला आणि ओळखीचा निघाला.

"परत तपसा?" खरेदीकाका मध्येच म्हणाले. "म्हणजे काय, परत तपश्चर्येला बसायचं का?"

सगळे हसले. गृहस्थही हसले. "साहेब, नजर भारी हं तुमची! टायपिंगची चूक. राहूनच गेली बघा ती."

"किती दिवस राहिली?"

"झाली असतील की बारा वर्षं."

"मग झालंच एक तप," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी चष्मा खाली ओढला.

ती हसली नाही. ती टायपिंगची चूक नव्हती. घाईत लिहिताना तिच्या हातून काने सुटायचे, अगदी शाळेपासून. "तुझे काने सांडतात तरी कुठे?" आई वही तपासताना विचारायची, आणि लाल पेन्सिलने एकेक काना उभा करत जायची, कुंपणाचे खांब रोवावेत तसा. हा काना बारा वर्षांपूर्वी एका खाकी कागदावर सांडला होता, काळ्या मार्करने लिहिताना, तिच्या जुन्या प्रयोगशाळेच्या बोळात. ज्यांनी तो कागद उतरवून कॉम्प्युटरमध्ये घातला त्यांनी तिची चौकट घेतली, तिचे बाण घेतले आणि न वाचता तिची चूकही घेतली. चोराने कपाट उचलून न्यावं आणि आतली चिठ्ठी तशीच राहावी, असं काहीतरी. तिने चित्र डावीकडून उजवीकडे पाहिलं. नमुना घ्या. क्रमांक द्या. यंत्रात ठेवा. निकाल वाचा. मग पतंगाच्या आकाराची प्रश्नाची चौकट, 'निकाल शंकास्पद?' तिथून 'नाही'चा बाण अहवालाकडे, 'हो'चा बाण सहाव्या चौकटीकडे आणि तिथून परत यंत्राकडे. सगळं तिचं होतं. तिसरा बाण मात्र नव्हता.

चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या या कंपनीचे सहा कारखाने होते आणि सहा ठिकाणी एकच काम सहा तऱ्हांनी चालायचं. कुठे भिंग घासून मग क्रमांक द्यायचे, कुठे क्रमांक देऊन मग घासायचे, आणि भिंग हरवलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. कोण काय करतो, पुढे ते कुणाकडे जातं, बिघडलं तर कुठे परत येतं, हे सगळं एकसारख्या चित्रांत बसवायचं असं मोठ्या मॅडमनी ठरवलं होतं. त्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं होतं आणि कुठलं घ्यायचं ते तिने सांगायचं होतं. दोन बघून झाली होती, हे तिसरं. शिफारस तिची, सही मॅडमची. आणि तिच्या शिफारशीवर सही करताना मॅडम मजकूर वाचत नसत हे सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षांत तिने ते कमावलं होतं, एकही आकडा चुकू न देता. आता अंधारात बसून तिला पहिल्यांदाच वाटलं की हे कमावलं ते आजच्यासाठीच. तो विचार तिला आवडला. इतका आवडला की तिने पेन खाली ठेवलं.

दिवे लागले. बारा वर्षांत गृहस्थांचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. हातात खडू नव्हता. त्याच्या जागी काळी कांडी होती, बटण दाबलं की पडद्यावर लाल ठिपका पाडणारी. रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ते तिचे वरिष्ठ होते आणि सगळे त्यांना खडूसर म्हणायचे. फळा असो वा नसो, बोलताना त्यांना हातात खडू लागायचा. मुली जेवणाच्या सुट्टीत 'खडूस' म्हणून थांबायच्या आणि 'र' नंतर सावकाश म्हणायच्या. ती तेव्हा सगळ्यांत नवीन होती. पहिल्याच आठवड्यात तिने एका यंत्राचा आकडा रोज दुपारी दोननंतर थोडा वर का सरकतो ते शोधून काढलं. खिडकीतून त्यावर ऊन येत होतं, एवढंच. तेव्हापासून त्यांनी तिला 'हुशार' म्हणायला सुरुवात केली. हुशार, इकडे ये. हुशार, हे बघ जरा. तिला आधी बरं वाटलं, मग सवय झाली, आणि पुढे कधीतरी लक्षात आलं की त्यांच्या तोंडून तिचं नाव तिने एकदाही ऐकलेलं नाही. मनातल्या मनात त्यांना शिव्या देतानाही तिच्याकडून 'अहो'च व्हायचं. बारा वर्षांत तिला त्यांचा एकेरी उल्लेख जमला नव्हता, आणि याचा तिला वेगळा राग येई.

ते टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आले. "नमस्कार मॅडम. तुम्ही मूल्यमापन करणार असं कळलं." डोळे तिच्या फॉर्मवर होते. तिचे केस आता आखूड होते, चष्मा होता, कानशिलं पांढरी झाली होती. पण तिची खात्री होती, काहीही बदललं नसतं तरी त्यांनी ओळखलं नसतं. हुशारला चेहरा नव्हता.

"नमुन्याचं चित्र छान आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा आला याचं तिला नवल वाटलं. "कुणी काढलं?"

"मीच. आमची कंपनी त्या चित्रावरच उभी राहिली म्हणा ना. दुसरं काढायची वेळच आली नाही."

"एकट्याने?"

"एकट्याने," खडूसर म्हणाले, आणि मान किंचित वाकवली, कौतुक घ्यायला.

घरी आई मटार सोलत बसली होती. चप्पल काढता काढता तिने आईला सांगून टाकलं. आईने हातातली शेंग पुरी केली, दाणे भांड्यात टाकले आणि मग विचारलं, "ओळखलं का त्याने?"

"नाही."

"बरं झालं. ओळखलं असतं तर पायाच पडला असता मेला. आणि तू लगेच पाघळली असतीस." आई एकोणतीस वर्षं मामाशी बोलली नव्हती. मामाने तिचं एक खासगी पत्र भरल्या घरात पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आवाज काढून, हसत. पत्रात काय होतं ते आईने कधीच सांगितलं नाही. मामा गेल्याचा फोन आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "किती वाजता?" आणि फोन ठेवून कणीक मळायला घेतली. लहानपणी तिला आईचं ते गप्प राहणं भयंकर वाटायचं. आता तिला त्यात एक शिस्त दिसत होती, वजनकाट्यासारखी. आईने कधी मामाचं वाईट चिंतलं नाही, कुणाकडे चहाडी केली नाही. फक्त दार लावलं आणि कडी काढली नाही. "मग? करणार काय तू?" आईने विचारलं. ती म्हणाली, "अजून ठरवलं नाही," पण तिचं सगळं ठरलं होतं. मटाराचा एक दाणा घरंगळत तिच्या पायाशी आला. तो उचलताना तिच्या लक्षात आलं की आपण आज सकाळपेक्षा तरुण आहोत.

तेव्हा प्रयोगशाळेत पाच आठवडे ती रक्ताच्या नळ्यांच्या मागे हिंडली होती, वही घेऊन. जिथे नळी थांबेल तिथे थांबायचं आणि तिथल्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा, हे बिघडलं तर? त्यातून खाकी कागद तयार झाला, नऊ फूट लांब, बोळातल्या भिंतीवर चिकटवलेला. येणारेजाणारे थांबून स्वतःची चौकट शोधायचे. सफाईवाल्या बाईंनी आपली चौकट नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा तिने तीही घातली. पुढे खडूसरांनी ते चित्र कॉम्प्युटरवर घेतलं, त्यावर प्रयोगशाळेचं काम चालू झालं, आणि वार्षिक समारंभात त्यांना त्याबद्दल मानचिन्ह मिळालं. ती टाळ्या वाजवणाऱ्यांत होती. तेव्हा तिला खरोखरच राग आला नव्हता. चित्र चालतंय याचाच आनंद होता. दोन महिन्यांनी चार हजार चारशे सतरा नंबरची नळी आली. बावन्न वर्षांच्या एका बाईंची, कॅल्शियमसाठी. आकडा शंकास्पद आला. कॉम्प्युटरने नळी परत पाठवली. परत शंकास्पद, परत पाठवली. माणूस असता तर तिसऱ्या खेपेला म्हणाला असता, अरे, हा आकडा खराच असेल, डॉक्टरांना फोन लावा. कॉम्प्युटरला चित्रात जेवढे बाण तेवढेच रस्ते. चौथ्या फेरीत नळीतलं रक्त संपलं, तरी पडद्यावर नळीपुढे तेच दिसत राहिलं, 'तपासणी चालू आहे'. बाई रोज दहाच्या सुमारास यायच्या. हिरवी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून काउंटरवर विचारायच्या, "आला का हो रिपोर्ट?" काउंटरवरची मुलगी पडद्यावर बघून सांगायची, "तपासणी चालू आहे." बाई "बरं" म्हणायच्या. अकराव्या दिवशी "बरं" म्हणताना त्या खाली बसल्या, मग आडव्या झाल्या, आणि त्यांना उचलून न्यावं लागलं. पर्स काउंटरखाली राहिली. पुढे त्यांचं काय झालं ते तिला कधीच कळलं नाही. त्याच आठवड्यात चौकशी झाली. लांब टेबल, सात माणसं, पाण्याचे झाकलेले पेले. खडूसर म्हणाले, "चित्र हिने काढलं. माझा विश्वास होता हिच्यावर." ती म्हणाली, "मी तिसरा बाण काढला होता. पेन्सिलने. तीन वेळांनंतर डॉक्टरांना कळवायचं, अशी चौकट होती." भिंत रंगवताना कागद फाडून टाकला होता. अध्यक्षांनी विचारलं, "कागदाचा फोटो वगैरे?" खडूसर म्हणाले, "फोटो काढला नव्हता." कौतुकाला चित्र त्यांचं, चुकीला चित्र तिचं. राजीनामा लिहितानाही एक काना सुटला होता. तो तिने नंतर, सही करून झाल्यावर, दिला.

सॉफ्टवेअर पंधरा दिवस वापरून बघायला मिळालं. ती रोज जेवणानंतर त्याच्यापुढे बसायची, कारण त्या वेळी तिच्या खोलीत कुणी येत नसे. ते चांगलं होतं. हे तिला पहिल्याच दिवशी मान्य करावं लागलं आणि तिने ते फॉर्मवर लिहिलंही. चौकटी हलवल्या की बाण आपोआप वळत. 'चालवून बघा' असं बटण होतं. ते दाबलं की एक निळा ठिपका चित्रातून चालू लागे आणि कोपऱ्यातल्या आकड्यात त्याच्या फेऱ्या मोजल्या जात. 'दोष शोधा' असंही बटण होतं. तिने नमुन्याच्या चित्रावर ते दाबलं. उत्तर आलं, 'चित्र निर्दोष'. बरोबरच होतं. प्रत्येक बाण कुठून तरी निघतो आणि कुठेतरी पोचतो, एवढंच ते बघत होतं. मग तिने चालवून बघायला एक नमुना दिला, ज्याचा निकाल कायम शंकास्पद येईल असा. निळा ठिपका यंत्राकडे गेला, पतंगापाशी आला, 'परत तपसा'त शिरला, परत यंत्राकडे गेला. तीन. नऊ. चाळीस. ती डबा धुऊन आली तेव्हा सहाशे झाले होते. खाली घासकाम विभागात याच क्षणी भिंगं घासली जात होती. जमलं नाही की परत घासा, आणि प्रत्येक वेळी भिंग थोडं पातळ. इथे आल्यावर तिने पहिला नियम तोच केला होता, तीनदा जमलं नाही तर भिंग टाका. आणि कंपनीच्या प्रत्येक फॉर्मवर एक जागा पाडून घेतली होती, 'जास्तीत जास्त किती वेळा'. लोक वैतागायचे. खरेदीकाका तर म्हणायचे, "ताई, तुमचं चाललं तर माणसांच्या शिंकासुद्धा मोजून ठेवाल." तरी ती जागा रिकामी असलेला कागद ती परत पाठवायची. अकरा वर्षांत तिने असे किती कागद परत पाठवले असतील. हिरव्या पर्सच्या बाईंना एकेक कागद पाठवल्यासारखे.

सातव्या दिवशी तिला उजव्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत, 'मूळ आवृत्ती पाहा' असं दिसलं. तिने सहज दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग खाकी झाला. फोटो. खाली तारीख होती, नळीच्या अडीच महिने आधीची. म्हणजे फोटो काढला होता. फोटो होता, पहिल्या दिवसापासून. सॉफ्टवेअरला काही टाकून द्यायची अक्कल नव्हती; जे आत गेलं ते त्याने पोटात ठेवलं, आणि मालकाला ते आठवतही नसणार. कागदाचा खालचा उजवा कोपरा गुंडाळला जात होता आणि कुणीतरी तो अंगठ्याने दाबून धरला होता. अंगठ्यावर आम्लाने भाजलेला डाग, लांबट, तांदळाच्या दाण्याएवढा. बाकीची ती चौकटीबाहेर होती. तिने माउसवरच्या आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं, मोठ्याने. मग तिने तिसरा बाण शोधला. तोही होता! पतंगाच्या खालच्या टोकातून निघालेली पेन्सिलची फिकट रेघ, शेजारी बारीक अक्षरांत 'तीनदा?' असं प्रश्नचिन्हासह लिहिलेलं. रेघ खाली आली होती, वळली होती, कागदाच्या कडेपाशी जाऊन थांबली होती. तिच्यापुढे काही नव्हतं. चौकट नव्हती. 'डॉक्टरांना कळवा' नव्हतं. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी कागदाचे चौकोनी ठिपके दिसायला लागले, खाकी, थोडे फिके, थोडे गडद, आणि त्यांत पेन्सिलचा एकही ठिपका नव्हता.

बारा वर्षं ती चौकट तिला दिसत आली होती. तिची डावी बाजू थोडी तिरकी होती, 'कळवा'तला 'वा' बाजूला चिकटला होता. हे सगळं तिने आईला सांगितलं होतं, चौकशीत सांगितलं होतं, आंघोळीच्या पाण्याला सांगितलं होतं. ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तीनदा की चारदा हे डॉक्टरांना विचारायचं होतं म्हणून पेन्सिल घेतली असेल, तेवढ्यात कुणी हाक मारली असेल, हुशार, इकडे ये. आणि ती गेली असेल. परत आली नसेल. निरीक्षण वेगळं आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळा, हे तिला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. वहीचं पानच दोन रकान्यांचं असायचं. डावीकडे लिहायचं ते फक्त दिसलेलं. डाव्या रकान्यात आता दोनच ओळी होत्या. त्यांनी फोटो नसल्याचं खोटं सांगितलं. तिने चौकट असल्याचं खोटं सांगितलं. हा बाण या सॉफ्टवेअरमध्ये काढला असता तर 'दोष शोधा'ने तो लाल करून दाखवला असता, कारण तो कुठेही पोचत नव्हता. राग ओसरेल असं तिला वाटलं होतं, आणि त्याची थोडी भीतीही वाटली. तो ओसरला नाही. उलट त्याला आता टेकायला दुसरी बाजू मिळाली. अर्धी चूक आपली असेल तर उरलेली अर्धी कुणाची हे नीट मोजता येतं. आणि आपल्या अर्ध्याची शिक्षा आपण बारा वर्षं भोगली.

दुसरी बैठक पंधरा दिवसांनी त्याच खोलीत झाली. खडूसरांनी नवा शर्ट घातला होता, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. तिने नमुन्याचं चित्र पडद्यावर लावलं आणि त्याची स्तुती केली, मनापासून, मुद्देसूद, कुठली चौकट का चांगली आहे ते सांगत. मोठ्या मॅडम सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण त्याही म्हणाल्या, "अहो, हे फार स्वच्छ काम आहे. कुणाचं?"

"माझंच," खडूसर म्हणाले. "माणसांच्या मागे वही घेऊन हिंडावं लागतं, मॅडम. पाच आठवडे हिंडलोय."

"आपण ते चालवून बघू," ती म्हणाली आणि कायम शंकास्पद येणारा नमुना आत सोडला.

निळा ठिपका फिरायला लागला. सगळे बघत होते. पाच, अकरा, तीस. खरेदीकाकांनी चष्मा नाकावर घेतला. "हा थांबणार कधी?"

"थांबणार नाही," ती म्हणाली. "आपल्याकडे याच्या जागी भिंग असेल."

"मग घासून घासून संपेल की ते!"

"हो. आणि पडद्यावर दिसेल, काम चालू आहे."

मॅडमनी खडूसरांकडे पाहिलं. लाल ठिपका पडद्यावर इकडेतिकडे भटकत होता. "म्हणजे त्याचं असं आहे," ते म्हणाले, "मुळात हे चित्र मी... मुळात हे माझ्या हाताखालच्या एका मुलीने काढलं होतं. मी फक्त कॉम्प्युटरवर घेतलं. मला वाटलं तिने सगळं बघितलं असेल." चार मिनिटं झाली होती. तिने घड्याळ लावलं नव्हतं, पण फिरणाऱ्या आकड्यावरून तिला वेळ कळत होती. बारा वर्षांपूर्वी 'माझं'वरून 'तिचं'वर यायला त्यांना दोन महिने लागले होते.

"नाव काय त्या मुलीचं?" तिने विचारलं.

"नाव..." ते थांबले. "आम्ही तिला हुशार म्हणायचो."

"पुढे काय झालं तिचं?"

"गेली सोडून. कामात लक्ष नसायचं तिचं."

तिने 'मूळ आवृत्ती पाहा' दाबलं. खाकी कागद भिंतभर पसरला. अंगठा केवढातरी मोठा दिसत होता, डाग ताटलीएवढा. खडूसरांनी तो पाहिला. मग त्यांची नजर सावकाश पडद्यावरून खाली आली, टेबलावर आली, माउसवरच्या अंगठ्यावर येऊन थांबली. लाल ठिपका विझला. याच क्षणासाठी तिने काही वाक्यं तयार करून ठेवली होती, वर्षानुवर्षं, धार लावून. त्यांतलं एकही लागलं नाही.

"आणि हा पेन्सिलचा बाण?" मोठ्या मॅडमनी विचारलं. "हा कुठे जातो?"

खडूसरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी परत येत होतं, रंग म्हणा, आशा म्हणा. चौकशीत तिने सांगितलेली चौकट त्यांनाही आठवली होती. त्यांनी तोंड उघडलं, "तो ना मॅडम, तिने..."

"कुठेच जात नाही," ती म्हणाली. "पुढची चौकट काढायची राहून गेली. माझ्याकडून. चित्र माझं आहे, आणि तो बाण अर्धा सोडला तोही मीच." मग तिने खडूसरांकडे वळून, नेहमीच्याच आवाजात, विचारलं, "तुम्ही काय सांगत होता, सर?"

खडूसरांनी कांडी खिशात घातली. तिने पतंगापासून तिसरा बाण काढला, त्यावर 'तीनदा' लिहिलं, पुढे चौकट काढली, 'डॉक्टरांना कळवा', आणि परत चालवलं. एक, दोन, तीन. निळा ठिपका खाली वळला आणि चौकटीत जाऊन थांबला. एवढंच होतं. ते काढायला तिला वीस सेकंद लागले.

फॉर्मच्या शेवटी शिफारशीसाठी तीन पर्याय छापलेले होते. घ्यावे. नाकारावे. परत तपासा. बाकीच्या दोन सॉफ्टवेअरमध्ये बाण नीट वळत नव्हते. त्या दोघांपुढे तिने आधीच 'नाकारावे' लिहिलं होतं. याच्यापुढे तिसऱ्या पर्यायाची खूण केली आणि खाली हातानेही लिहिलं, 'परत तपासा'. सावकाश लिहिलं, दोन्ही काने सरळ आणि लांब ओढून. त्याच्या शेजारीच ती जागा होती, 'जास्तीत जास्त किती वेळा'. तिथे तिचं पेन थांबलं. जरा वेळ थांबलं. मग तिने टोपण लावलं.

"ताई, ही एक जागा राहिली," खरेदीकाका कागद घेताना म्हणाले.

"राहू दे."

"अहो, याच्यासाठी तर सगळ्यांचा जीव खाता तुम्ही."

"राहू दे, काका."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विनोद करायला निघाले, आणि न करताच गेले. मॅडमनी सही केली, न वाचता.

त्याला आता सात महिने झाले. पहिल्या खेपेला खडूसरांनी तो काना देऊन आणला. दुसऱ्या खेपेला 'दोष शोधा' सुधारून आणलं. ते आता न थांबणाऱ्या फेऱ्याही पकडत होतं. तिसऱ्या खेपेला छापून काढताना अक्षरं कापली जात होती, चौथ्या खेपेला तारखा उलट्या लागत होत्या. चुका खऱ्या होत्या. एकही तिने बनवली नव्हती. ती फक्त शोधायची, आणि शोधणाऱ्याला त्या मिळतातच. सहाही कारखान्यांत अजून सहा तऱ्हांनीच घासत होते. दर खेपेला ते स्वतः यायचे, बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. एकदा बोलता बोलता म्हणाले की दोन माणसं सोडून गेली, आता चौघंच आहोत. ते तिला 'मॅडम'च म्हणत. जुन्या गोष्टीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि तिनेही नाही. आईने एकदा विचारलं, "अजून येतो का गं तो?" ती म्हणाली, "येतो." आईने मान डोलावली आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

आज फोन दहाच्या सुमारास आला. आवाज दर खेपेला थोडा पातळ होत चालला होता, हे तिने नोंदवलं होतं, डाव्या रकान्यात.

"मॅडम, झालं का हो बघून? काही कळलं का?"

तिच्यापुढे पडदा उघडा होता. सकाळपासून शोधूनही तिला आज एकही चूक सापडली नव्हती. अंगठा चुरचुरत नव्हता. तिला वाटलं, आपण एक क्षण थांबलो तर पलीकडे हिरव्या पर्सची चेन ऐकू येईल. ती थांबली नाही.

"नाही अजून," ती म्हणाली. "तपासणी चालू आहे."

"बरं," खडूसर म्हणाले.